‘खामोश घंटा’चा दुसरा भाग

थेटरात लागलेल्या सिनेमाचं परीक्षण लिहिणारे पुष्कळ होते. मी घरी आणून पाहायच्या सिनेमाचं लिहायचो. अमरावतीच्या एका दैनिकाची शनिवारची पुरवणी निघायची, तिच्या आतल्या पानावर राशिभविष्याच्या खाली माझा रकाना असे. आधी व्हीसीडी होत्या, मग डीव्हीडी आल्या आणि आता दोन्ही गेल्या. ज्या माणसाने हे काम केलं तो मात्र अजून आहे, म्हणून संपादकांनी लिहायला सांगितलं.

अकोल्याजवळ आमचा मळा. शेवंती, झेंडू, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. घरातले सगळे पहाटे मार्केटात जाणारे, आणि मी दुपारी पडदे ओढून टीव्हीसमोर बसणारा. वडिलांना माझ्या कामाचं कोडं कधीच सुटलं नाही. ते म्हणायचे, “म्हंजे तू सिनेमा पाह्यतो अन् मंग लोकाइले सांगतो का पाहू नका. मंग तू काहून पाह्यला?” मी समजावून सांगायचो. ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे.

काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. थेटरातल्या परीक्षकाने सिनेमा चांगला की वाईट एवढं सांगितलं की झालं. मला आणखी बरंच सांगावं लागे. चित्र स्वच्छ आहे का, हिंदी डबिंग ऐकवतं का, मध्ये विजेची लाईन गेली आणि दोन तासांनी आली तर धागा लागतो का, आणि मुख्य म्हणजे घरच्यांसोबत बसून पाहता येतो का. दर्यापूरच्या एका बाईंनी ऑफिसात फोन करून विचारलं होतं, “सासरे आले आयेत आमचे. तुमी लिवलेला सिनेमा लावू का? मधात उठून चहा कराले जा लागन असं काई नाई ना?” हा प्रश्न कुठल्या मोठ्या परीक्षकाला कोणी विचारला नसेल. मोर्शीकडच्या एका संत्रेवाल्यांनी तर मला झाडलंच. मी एका सिनेमाला ‘हलकाफुलका’ म्हटलं होतं. ते म्हणाले, “भाऊ, माही बायको कालपासून रडून राह्यली. शेवटी कुत्रं मरते हे लिवाचं होतं ना.” तेव्हापासून सिनेमात जनावर मरत असेल तर मी तसं लिहू लागलो.

माझी पद्धत ठरलेली होती. सिनेमा दोनदा पाहायचा. पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून, हातात काही न घेता. दुसऱ्यांदा रिमोट घेऊन, थांबत थांबत. दोन वेळांत न कळलेला सिनेमा माझ्या वाट्याला क्वचित आला. आणि जो आला, त्याची ही गोष्ट आहे. बारा-पंधरा वर्षं झाली असतील.

मे महिना होता. अकोल्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमचे संपादक गावंडे साहेब फोनवर म्हणाले, “थो धर्माच्या कटकारस्थानाचा इंग्रजी सिनेमा आला होता ना, घंटेचा? त्याचा दुसरा भाग डीव्हीडीवर आला म्हणते. लोकं विचारून राह्यले. या शनवारी देऊन टाक.”

मी इरफानभाईंच्या दुकानात गेलो. अकोल्याच्या जुन्या बसस्टँडच्या मागे त्यांची डीव्हीडी भाड्याने द्यायची लायब्ररी होती. दुकान एवढं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर इरफानभाई स्वतः बाहेर उभे राहत. मी डिस्क मागितली. ती त्यांनी लगेच काढून दिली. ‘खामोश घंटा, भाग दो’. वेष्टनावर काळ्या झग्याची टोपी तोंडावर ओढलेले तीन पाद्री आणि मागे वीज चमकताना.

“पहिला भाग?” मी विचारलं. मी तो पाहिलेला नव्हता.

“वो दर्यापूर गया भाऊ, अन् मंग आलाच नाई.”

मी दुसराच घेऊन घरी आलो.

आता कथा सांगायचा प्रयत्न करतो. युरोपातल्या डोंगरात एक जुना मठ आहे. तिथे एक घंटा आहे, ती वाजत नाही. तिच्या आतल्या बाजूला एक प्रार्थना कोरलेली आहे, आणि ती प्रार्थना बाहेर आली तर हजारो वर्षांचा धर्म कोसळेल असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या भागात ती घंटा सापडली होती म्हणे. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच कळतं की ती घंटा खोटी होती. मग एक पाद्री मरतो. मग तो, किंवा त्याच्यासारखाच दुसरा, एका प्राध्यापक बाईंना वाचवतो. मग तोच पुन्हा मरतो. शेवटी कोणीतरी टोपी मागे सारतं, संगीत थांबतं, बाई म्हणतात, “आप?” आणि सिनेमा संपतो. ते ‘आप’ कोण, हे मला कळलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, दोष कूलरचा. कटकारस्थानाच्या सिनेमात सगळे कुजबुजत बोलतात आणि आमचा कूलर घरघर आवाज करणारा. दुसऱ्यांदा पाहताना कूलर बंद केला. घामाने भिजलो, पण कथा तिथेच राहिली. मग माझा नियम मोडून तिसऱ्यांदा पाहिला. बायकोलाही बसवलं. तिने निम्म्यात विचारलं, “हा मेला होता ना?” मी म्हटलं, “मलाही तसंच वाटलं होतं.” ती उठून भाजी निवडायला गेली.

शुक्रवारी दुपारी लिहायला बसलो. न कळलेल्या सिनेमावर लिहिण्याच्या युक्त्या आमच्या धंद्यात असतात. ‘प्रेक्षकाला विचार करायला लावणारा’ असं लिहायचं, छायाचित्रणाची स्तुती करायची. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ते शब्द कागदावर येईनात. मी सरळ लिहिलं की मी हा सिनेमा तीनदा पाहिला आणि तो मला समजला नाही. कोण मेला, कोण जगला आणि घंटेवर काय लिहिलं होतं, यातलं मला काही सांगता येत नाही. कोणाला समजला असेल तर कृपया मला कळवा.

गावंडे साहेबांनी ते वाचून फोन केला. “वाचकाले सांगतो का, का तुले समजलं नाई म्हणून? मंग तुले ठेवलं कायले?”

“दुसरं काही लिहू का?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “पान छपाईला लागलं आहे. जाऊ दे.”

त्या मजकुराला जेवढे फोन आले तेवढे मला आयुष्यात कधी आले नव्हते. सगळ्यांना सिनेमा समजला होता आणि प्रत्येकाला वेगळा समजला होता. नांदगाव खंडेश्वरच्या एका मास्तरांच्या मते मेलेला पाद्री जुळा होता. एका कॉलेजच्या मुलीच्या मते सगळं त्या प्राध्यापक बाईंचं स्वप्न होतं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि आणखी गोंधळलो.

पुढच्या मंगळवारी मी अमरावतीला ऑफिसात होतो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ मला भेटायला आले. पांढरा सदरा, पांढरी पँट, पायात धुतलेल्या कॅनव्हासच्या चपला. हात जोडायच्या ऐवजी ते ख्रिस्ती रीतीने “सलाम” म्हणाले. नाव शांतवन वानखडे. अमरावतीच्या कॅम्प भागातल्या एका लहानशा चर्चचे ते पाळक होते. पाद्री न म्हणता त्यांच्यात पाळक म्हणतात. आता निवृत्त झाले होते.

मला वाटलं, धर्माची बदनामी झाली म्हणून तक्रार घेऊन आले असतील. मी आधीच सांगून टाकलं, “पाळकसाहेब, मी सिनेमाची बाजू घेतलेली नाही.”

“मी भांडायला आलेलो नाही,” ते म्हणाले. त्यांचं मराठी शुद्ध होतं, उपदेशाच्या लयीतलं. “आपण लिहिलंत की आपल्याला समजलं नाही. असं लिहिणारा मनुष्य मला खरा वाटला. मला एक विचारायचं आहे. या सिनेमाच्या पहिल्या भागात असं काय आहे, की तो पाहून माणसाचा विश्वास उडावा?”

मी सांगितलं की मी पहिला भाग पाहिलाच नाही.

ते खाली बसले. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. मग हळूहळू सांगितलं. त्यांना एकच मुलगी, रूथ. नागपूरच्या एका दवाखान्यात नर्स. पाळकांची पत्नी वारली, त्यानंतरच्या पावसाळ्यात रूथने फोनवर सांगितलं, “बाबा, मी तो घंटेचा सिनेमा पाहिला. आता मला हे सगळं खरं वाटत नाही.” तेव्हापासून तिने उपासनेला जाणं सोडलं. घरी येणंही कमी झालं. नाताळात ड्युटी लावून घेतली.

“तुम्ही तिला विचारलं नाही, काय खरं वाटत नाही म्हणून?”

“विचारायचं आहे. पण माझ्याजवळ आधी उत्तर हवं. पाळकाने उत्तराशिवाय प्रश्न उघडू नये, असं आम्हाला शिकवलं आहे. मी पहिला भाग पाहीन, त्यातली एकेक गोष्ट घेईन, आणि मग तिच्याशी बोलेन.”

हे माझं काम नव्हतं. पण माझा स्वतःचाही गुंता होता. पहिला भाग पाहिल्याशिवाय दुसरा कळणार नाही असं मला वाटू लागलं होतं. मी म्हटलं, “चला, शोधू.”

अमरावतीतल्या कुठल्याच दुकानात तो नव्हता. शेवटी इरफानभाईंकडून दर्यापूरच्या त्या गिऱ्हाइकाचा पत्ता घेतला आणि आम्ही दोघं शेअर जीपमध्ये बसून निघालो. पाळकसाहेब मागच्या सीटवर दोन खतांच्या पोत्यांमध्ये अंग चोरून बसले होते. अख्ख्या रस्त्याने ते एकदाच बोलले. “रूथ लहानपणी फार प्रश्न विचारायची. मी सगळ्यांची उत्तरं द्यायचो.”

ते गिऱ्हाईक म्हणजे लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा माणूस निघाला. नाव पंकज. स्टुडिओत नवरा-नवरीचे मोठे फोटो टांगलेले. आम्ही ‘खामोश घंटा’ म्हणताच त्याने लाजून मान खाली घातली.

“देतो बापा, देतो. तशी द्याचीच होती. पण तिचं म्युझिक असं आहे ना, सोडवलं नाई.”

“म्हणजे?” मी विचारलं.

त्याने कॉम्प्युटरवर एका लग्नाचं शूटिंग लावून दाखवलं. नवरी हळूहळू मंडपात येते आहे, मामा अंतरपाट धरून उभे आहेत, आणि मागे मठातल्या घंटा आणि पाद्र्यांचं कुजबुजतं समूहगान. खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. पंकज म्हणाला, “हे लावलं का नवरीची माय हमखास रडते. या पट्ट्यातल्या लय लग्नाइत आहे हे.”

मी पाळकसाहेबांकडे चोरून पाहिलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. “चांगले गातात,” एवढंच म्हणाले.

डिस्क घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी इरफानभाईंच्या दुकानात जमलो. त्यांनी शटर अर्धं ओढलं, दोन स्टुलं मांडली आणि स्वतः पायरीवर बसले. सिनेमा सुरू झाला. अर्ध्या तासात मला माझ्या गोंधळाचं कारण सापडलं, आणि ते घंटेत नव्हतं. डबिंग करणाऱ्यांनी पैसे वाचवण्यासाठी सगळ्या पाद्र्यांना एकाच माणसाचा आवाज दिला होता. मरणारा, मारणारा आणि वाचवणारा तिघंही एकाच आवाजात कुजबुजत होते, आणि टोपीमुळे तोंडं दिसत नव्हती. शिवाय भाषांतर करणाऱ्याने बिशपला कुठे पुजारी, कुठे महंत, तर कुठे मौलाना करून टाकलं होतं. मौलाना ऐकून इरफानभाई पायरीवरून आत डोकावले. “ये कौन आया?”

कारण सापडलं तरी कथा लागली नाही. पहिल्या भागात जो खलनायक होता तो दुसऱ्यात नायक कसा झाला, हे मला आजही सांगता येणार नाही. माझं सगळं लक्ष नंतर पडद्याकडे नव्हतंच. पाळकसाहेब हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखे.

सिनेमा संपला. घंटेवरची प्रार्थना शेवटी वाचून दाखवतात. तिच्यात एवढंच होतं की देवाला कुठल्याही घराची गरज नाही.

“बस?” पाळकसाहेब म्हणाले.

“बस,” मी म्हटलं.

“हे तर शास्त्रात आहेच. हे मीच कितीदा सांगितलं आहे.” ते माझ्याकडे वळले. “यात काही नाही. रविवारच्या शाळेतली लेकरं मला यापेक्षा अवघड प्रश्न विचारत.”

मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. पण त्यांचा चेहरा उतरत गेला. थोड्या वेळाने ते बोलले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून घरचं बोलणं आलं. “सिनेमात काई नाई, तर मंग काहून? मंग तिनं काहून सोडलं?”

इरफानभाई शटर वर करत म्हणाले, “पास्टरसाब, सिनेमा तर पाह्यला तुमी. आता बेटीले फोन लावा ना.”

रूथ पुढच्या शनिवारी आली. तिच्या येण्याच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी मला फोन करून बोलावलं. मी म्हटलं, बापलेकीच्या बोलण्यात माझं काय काम? ते म्हणाले, “आपल्याला सिनेमा माहीत आहे. काही अडलं तर आपण सांगाल.” मला वाटतं त्यांना भीती वाटत होती. मी गेलो.

दोन खोल्यांचं घर. भिंतीवर पत्नीचा फोटो, त्याला हार नव्हता, त्यांच्यात घालत नाहीत. रूथ तिशीच्या आतली, नर्सच्या नोकरीने आलेला एक सावध थकवा तिच्या चालण्यात होता. वडिलांनी माझी ओळख करून दिली, “हे सिनेमाचं लिहितात.” तिला काही कळलं नाही. तिने चहा केला. मग पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि उपदेशाला उभं राहावं तसं सुरू केलं, की पहिल्या भागात घंटेबद्दल जे दाखवलं आहे त्याला इतिहासात आधार नाही.

“कोणता पहिला भाग?” रूथने विचारलं.

“तू पाहिलास तो. खामोश घंटा.”

ती आठवू लागली. मग म्हणाली, “तो? होस्टेलवर लावला होता कोणीतरी. मी नाईटवरून आले होते बाबा. अर्ध्यात झोपले मी.”

मी कप खाली ठेवला आणि उठू लागलो. रूथ म्हणाली, “बसा काका. तुम्ही असलेले बरे.”

मग ती वडिलांकडे न पाहता बोलू लागली.

“तुमाले खरं सांगता येत नोहतं मले. म्हणून सिनेमाचं नाव घेतलं. बाहेरून आलेले ते प्रचारक आठवते का? भर चर्चमध्ये आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ही बहीण बरी झाली. सगळ्याइनं टाळ्या वाजवल्या. तुमी मान हलवली.”

“आठवते.”

“त्याच्यानंतर दोन महिने होती आई. त्या दोन महिन्यांत तुमाले ती कधी कण्हताना ऐकू आली?”

पाळकसाहेब आठवत राहिले. “नाही,” ते म्हणाले. “मले वाटलं, उतार पडला.”

“रिपोर्ट माह्या हातात होते, बाबा. काई उतार नोहता. पण बरी झाली म्हणून जाहीर झालं होतं ना. मग तिनं कण्हायचं कसं? तुमची लाज जाईल म्हणे. दुखू लागलं का उशी तोंडात धरायची. मी उशीच्या खोळी बदलायची. भेटायला आलेल्या बायांना ती हसून सांगायची, देवानं बरं केलं. अन् तुमी दारात उभे राहून आमेन म्हणायचे.”

ती रडली नाही.

“तुमी एक डाव म्हटलं असतं,” ती म्हणाली, “का मंडळी, सुलोचना बरी झाली नाही, तिच्यासाठी प्रार्थना करा. तर तिले मोकळं रडता तरी आलं असतं.”

मला वाटलं, आता पाळकसाहेब उत्तर देतील. आयुष्यभर त्यांनी उत्तरं दिली होती. ते बराच वेळ गुडघ्यांवर हात फिरवत राहिले.

“मले माहीत होतं का नोहतं,” शेवटी ते म्हणाले, “हेच मले समजत नाई, रूथ. मी लय आठवून पाह्यतो. उशी ओली राहे, ते मी पाह्यलं होतं. घाम असन, असं मी मनाले सांगितलं. सांगितलं का खरंच वाटलं, ते आता मले नाई सांगता येत.”

रूथने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग होता की दुसरं काही, मला ठरवता आलं नाही. पडद्यावरचे चेहरे वाचण्यात मी आयुष्य घालवलं, पण समोरच्या माणसापाशी ती विद्या उपयोगी पडत नाही.

ती उठून कप विसळायला गेली. पाळकसाहेब मला सोडायला फाटकापर्यंत आले. म्हणाले, “उद्या उपासनेत बोलायची परवानगी मी मागणार आहे. नवीन पाळक चांगला मुलगा आहे, नाही म्हणणार नाही. आपण याल?”

मी कधी चर्चमध्ये गेलेलो नव्हतो. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तिथं तुमचं काय?” खरंच काय, ते मलाही सांगता येईना. तरी रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरलो आणि ऑटो करून कॅम्पात पोचलो. उशीर झाला होता. उपासना सुरू झालेली होती. चर्च म्हणजे एक कौलारू दालन, पुढे तीन पायऱ्या, पायऱ्यांखाली चपलांचा ढीग. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर रूथ बसलेली. चपला पायातच.

मी तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसलो.

“तुमी काहून बाहेर बसले, काका?”

“आत जावं की नाही ते कळेना.”

“मलेही,” ती म्हणाली.

आत गीत संपलं. कोणीतरी दोन शब्द बोललं आणि मग पाळकसाहेबांचा आवाज आला. माईक नव्हता, पण खिडक्या उघड्या होत्या. मला वाटलं होतं, ते त्यांच्या शुद्ध मराठीत वचन वाचून सुरुवात करतील. त्यांनी वचन वाचलं नाही.

“सुलोचना बरी झाली नोहती,” ते म्हणाले. “तुमाले सगळ्याइले मी बरी झाली म्हणून सांगू देलं. तिले दुखत होतं. ती शेवटपर्यंत दुखणं गिळत राह्यली, माह्यासाठी अन् तुमच्यासाठी. आज तिच्यासाठी प्रार्थना करून काई उपयोग आहे का, मले माहीत नाई. मी तुमाले तीस-पस्तीस वर्षं सांगत आलो का मले माहीत आहे. हे मले माहीत नाई.”

पुढे ते आणखी काही बोलले असतील. माझं तिकडे लक्ष राहिलं नाही, कारण रूथने ओढणी तोंडात धरली होती आणि तिच्या पाठीला हिसके बसत होते. मी काय करावं ते मला समजेना. पाठीवर हात ठेवावा तर ओळख दोन दिवसांची. मी हातरुमाल काढून पायरीवर तिच्या बाजूला ठेवला.

आतून ऐकू येत होतं ते एवढंच, लहान मुलाचं रडणं आणि पंख्याचा आवाज. मग एक म्हातारी बाई मोठ्याने म्हणाली, “मले वाटलंच होतं. तिचे हात लय थंड राहत.” मग कोणीतरी हार्मोनियमवर हात ठेवला आणि चाचपडत गीत सुरू झालं.

बाजूच्या दाराने पाळकसाहेब बाहेर आले. पायात चपला नव्हत्या. उन्हाने तापलेल्या फरशीवरून ते भराभर आले आणि रूथला पाहून थबकले.

“कधी आली?”

“सुरुवातीपासून आहे.”

ते पायरीवर बसले, आमच्या दोघांच्या मध्ये. तापलेले तळपाय त्यांनी एकमेकांवर घासले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनेही पाहिलं नाही. मग ओढणीच्या टोकाने तिने तोंड पुसलं आणि पायातल्या चपला काढून त्यांच्या पायांपुढे सरकवल्या.

“आत येतं का?” त्यांनी विचारलं.

रूथने बराच वेळ उघड्या दाराकडे पाहिलं.

“थांबा थोडं,” ती म्हणाली.

मग आम्ही तिघंही तिथेच बसून राहिलो. आत दुसरं गीत सुरू झालं होतं.